सी ड्राइव्हचा सातबारा

२९ ऑगस्ट २०२३. टोयोटाचे जपानमधले १४च्या १४ मोटार कारखाने त्या दिवशी बंद पडले. कामगार हजर होते, यंत्रं धडधाकट होती, वीज चालू होती. पण पुरवठादारांना सुट्या भागांची मागणी कळवणारी संगणकयंत्रणाच चालेना. ‘हवा तेवढाच माल, हवा तेव्हाच’ ही पद्धत ज्या कंपनीने जगाला शिकवली, तिच्या आवारात भागांचे ढीग पडून असायचं कारणच नाही. मागणी गेली नाही म्हणून भाग आले नाहीत, भाग नाहीत म्हणून २८ असेंब्ली लाइन थांबल्या. आदल्या वर्षी मार्चमध्ये एका पुरवठादारावर सायबर हल्ला झाला होता आणि हेच कारखाने एक दिवस बंद ठेवावे लागले होते. त्यामुळे याही वेळी सगळ्यांचा पहिला संशय हॅकरवर गेला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला कंपनीचा खुलासा आला. २७ ऑगस्टला यंत्रणेची नेहमीची देखभाल चालू होती. डेटाबेसमध्ये साठलेली माहिती पुसून नीट लावण्याचं काम सुरू असताना डिस्कवरची जागा कमी पडली आणि यंत्रणा थांबली. पर्यायी सर्व्हर होते, पण तेही त्याच यंत्रणेवर चालणारे, त्यामुळे त्यांचीही तीच गत झाली. शेवटी माहिती जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर हलवली आणि दुसऱ्या दिवशी कारखाने सुरू झाले. हॅकरबिकर कुणी नव्हता. डिस्क फुल झाली होती, एवढंच.

झाडलोट करता करता जागा संपली हे ऐकायला विनोदी वाटतं. ज्यांनी डेटाबेस सांभाळलेत त्यांना मात्र यात नवल वाटणार नाही, कारण पुसायलाही जागा लागते. पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस घ्या. त्यातल्या एखाद्या तक्त्यातली पोकळ झालेली जागा खरोखर मोकळी करून घ्यायची, तर उरलेल्या माहितीची नवी प्रत आधी लिहावी लागते आणि मग जुनी जाते. तेवढी जागा हाताशी नसेल तर काम पुरंच होत नाही. घरच्या संगणकावर याचाच धाकटा भाऊ भेटतो. डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, डिस्कवरून ती हललेलीच नसते. ‘एवढं उडवलं तरी जागा तेवढीच’ या तक्रारीचं निम्म्या वेळा एवढंच उत्तर असतं.

घरी कारखाना बंद पडत नाही. सी ड्राइव्हची निळी पट्टी एक दिवस लाल दिसते, विंडोजचा अपडेट अर्ध्यात अडकतो, वर्डची फाइल सेव्ह होईना होते. मग ओळखीतल्या कुणाच्या तरी इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाला बोलावणं जातं. तो टेंप फोल्डर उघडतो, सगळं निवडतो आणि उडवतो. दोन-तीन जीबी सुटतात. थोड्या दिवसांनी पट्टी पुन्हा लाल. असं दोनदा झालं की तो म्हणतो, ‘काका, फॉरमॅट मारून टाकू या.’ फॉरमॅट मारणं हा आपल्याकडचा रामबाण उपाय आहे. त्यात रोगाचं निदान कधीच करावं लागत नाही, म्हणून तर तो इतका लोकप्रिय.

लाल पट्टी किती भरलं ते सांगते. कशाने भरलं याबद्दल ती गप्प असते. जमिनीचा सातबारा असतो: कुठल्या गटात किती क्षेत्र, कुणाच्या नावावर, त्यात काय पेरलंय. डिस्कचा असा उतारा संगणक काढून ठेवत नाही. विंडोजमध्ये फाइलींची यादी उघडून पाहा. प्रत्येक फाइलीपुढे आकार लिहिलेला असतो आणि फोल्डरपुढची जागा कोरी असते. हा आळस नव्हे. फाइलप्रणालीच्या वहीत प्रत्येक फाइलीची नोंद असते, पण फोल्डरची बेरीज कुठेच लिहून ठेवलेली नसते. ती हवी असेल तर त्या फोल्डरात उतरायचं, त्यातल्या पोटफोल्डरांत उतरायचं, तळापर्यंत जाऊन एकेक आकडा मिळवत वर यायचं. सध्याच्या कुठल्याही संगणकात लाखो फाइली असतात. बेरीज सतत ताजी ठेवायची तर एक फाइल बदलली की तिच्यावरच्या सगळ्या फोल्डरांचे आकडे बदलावे लागतील. रचनाकारांनी हा व्याप टाळला, आणि ते योग्यच केलं. म्हणून फोल्डरवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं की आकडा हळूहळू चढताना दिसतो. संगणक त्या वेळी खरोखरच मोजत बसलेला असतो.

मोजायची अवजारं जुनी आहेत. युनिक्सच्या पहिल्याच आवृत्तीत, १९७१ साली, दोन आज्ञा होत्या. ‘डीएफ’ डिस्कवर किती मोकळं आहे ते सांगायची आणि ‘डीयू’ कुठल्या फोल्डरने किती खाल्लं ते. दोन्ही आजही लिनक्सवर आणि मॅकवर चालतात. पण ‘डीयू’चं उत्तर म्हणजे हजारो ओळींची यादी. यादीत सगळं असतं, पण दिसत काहीच नाही.

ही अडचण ज्याच्या डोक्यात बसली तो माणूस अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात होता. बेन श्नायडरमन हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. माणूस आणि संगणक यांच्या व्यवहाराचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा त्यांनी १९८३ मध्ये तिथे उभी केली होती. १९९० साली त्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एक हार्ड डिस्क होती आणि ती १४ जण मिळून वापरायचे. आजच्या हिशेबात ८० एमबी म्हणजे चांगल्या फोनवर वरच्या दर्जाने घेतलेलं काही सेकंदांचं चित्रीकरण. तेव्हा त्यात १४ जणांचं संशोधन राहायचं. डिस्क सारखी भरायची आणि कुणामुळे भरली ते कळायचं नाही. प्रत्येकाला आपली जागा थोडीच आहे असं वाटत असणार. सामायिक कपाट ज्यांनी कधी वापरलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

श्नायडरमन यांनी आधी फोल्डरांचं झाड काढून पाहिलं. वर मूळ, खाली फांद्या, जसं पाठ्यपुस्तकात असतं तसं. पण झाडाला कागद पुरत नाही. शिवाय त्यात फाइल एक केबीची असो की दहा एमबीची, ठिपका तेवढाच. त्यांना हवं होतं ते चित्र पडद्याबाहेर न सांडणारं आणि थोरल्याला थोरलं दाखवणारं. हा पेच घेऊन ते प्राध्यापकांच्या बैठकीच्या खोलीत बसलेले असताना उत्तर सुचलं, असं त्यांनी नंतर लिहिलं आहे. पूर्ण पडदा म्हणजे पूर्ण डिस्क. पहिल्या पातळीवरच्या फोल्डरांना आकाराच्या प्रमाणात उभ्या पट्ट्या द्यायच्या. प्रत्येक पट्टीत तिच्या पोटफोल्डरांना आडव्या पट्ट्या. त्यांच्या आत पुन्हा उभ्या. असं तळापर्यंत. हे नक्की चालेल अशी स्वतःची खात्री पटवून कृती कागदावर उतरवायला त्यांना काही दिवस लागले, आणि ती कृती भरली सहा ओळींची. तिला त्यांनी ‘ट्रीमॅप’ असं नाव दिलं. ब्रायन जॉन्सन या त्यांच्या विद्यार्थ्याने मॅकिंटॉशवर ती चालवून दाखवली.

या चित्रात सर्वांत मोठी फाइल शोधावी लागत नाही. पडद्यावर जो सर्वांत मोठा चौकोन, ती सर्वांत मोठी फाइल. फाइलींच्या प्रकारांना वेगवेगळे रंग दिले की डिस्कवर कशाचं रान माजलंय तेही दिसतं. एक खोट मात्र होती. उभ्या-आडव्या कापण्यात काही फाइलींच्या वाट्याला दोऱ्याएवढ्या बारीक पट्ट्या यायच्या. तो दोष नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात निघाला. यार्के फान वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चौकोनांना उशीसारखा फुगवटा देणारी छटा आणली, त्यामुळे कुठला चौकोन कुणाच्या पोटात आहे ते डोळ्याला कळू लागलं. २००० मध्ये त्यांनी पट्ट्यांऐवजी शक्य तितके चौरस पाडणारी कृती मांडली. त्यावरून त्यांच्या विद्यापीठात ‘सिक्वोयाव्ह्यू’ निघालं. पुढे लिनक्सवर ‘केडरस्टॅट’ आलं आणि त्याच धर्तीवर विंडोजसाठी ‘विनडरस्टॅट’. हे शेवटचं आजही फुकट मिळतं आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या अनेकांच्या पेनड्राइव्हवर असतं.

मधल्या काळात ही युक्ती डिस्कबाहेर पडली. १९९८ मध्ये मार्टिन वॉटनबर्ग यांनी अमेरिकी शेअर बाजाराचा असाच नकाशा केला: कंपनी जेवढी मोठी तेवढा तिचा चौकोन मोठा, भाव चढला तर हिरवा, पडला तर लाल. निफ्टीचा हीटमॅप म्हणून आपल्याकडची वाहिन्यांवरची मंडळी रोज सकाळी जे रंगीत चौकोन दाखवतात, त्यांचं मूळ १४ जणांच्या त्या भरलेल्या डिस्कमध्ये आहे. शेअरवाल्यांना हे ठाऊक असायचं काही कारण नाही.

हा नकाशा खऱ्या कामाच्या संगणकावर कसा दिसतो हे मी इचलकरंजीत एका मित्राच्या फ्लेक्सच्या दुकानात पाहिलं. मशीनशेजारचा संगणक वारंवार अडकत होता आणि त्याचं म्हणणं होतं, नवी डिस्क टाकू आणि विषय संपवू. मी विनडरस्टॅट लावून दिलं. बराच वेळ मोजणी चालली, मधे एका गिऱ्हाइकाने चहा मागवला, आणि मग पडदा चौकोनांनी भरला. दोनच रंग डोळ्यांत भरत होते.

‘अरे, हे एवढं काय आहे रे?’

पहिला रंग टिफ फाइलींचा. या धंद्यात डिझाइन कोरल ड्रॉमध्ये होतं आणि मशीनला द्यायला त्याची टिफ काढतात. हिशेब करून पाहा. १० बाय २० फुटांचा फलक, म्हणजे १२० बाय २४० इंच. इंचाला ७२ ठिपके धरले तर सुमारे १४ कोटी ९३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला छपाईच्या चार रंगांचे चार बाइट. फाइल आवळून ठेवली नाही तर ६०० एमबीच्या आसपास जाते. कुणा दादांचा वाढदिवस, कुणाच्या निवडीबद्दल अभिनंदन, गणपती मंडळाची कमान. फलक चौकात राहतो आठवडाभर, फार तर. त्याची टिफ डिस्कवर मुक्कामाला.

‘उडवू नको. पुढच्या वर्षी तेच असतंय, नुसता फोटो बदलायचा.’

बरोबर आहे. पण फोटो बदलायला टिफ कामाची नाही, कोरलची मूळ फाइल लागते, आणि ती टिफच्या मानाने चिमुकली असते. मूळ असेल तर टिफ दहा मिनिटांत पुन्हा निघते. टिफ असेल आणि मूळ नसेल तर नव्याने डिझाइन करत बसावं लागतं. डिस्कवरच्या फाइलींची ही खरी वाटणी आहे: एक गेली की गेली, दुसरी पुन्हा करता येते. नकाशा आकार दाखवतो, रंग दाखवतो, पण ही वाटणी त्याला करता येत नाही. तिथे ते काम करणारा माणूसच लागतो. बाहेरून आलेला मुलगा म्हणूनच टेंपपलीकडे जायला कचरतो, आणि गेला तर घोटाळा करतो.

दुसरा रंग कोरलच्या फाइलींचाच होता, फक्त त्यांतल्या निम्म्यांच्या नावाची सुरुवात ‘बॅकअप ऑफ’ अशी होती. कोरल ड्रॉमध्ये फाइल सेव्ह केली की आदली प्रत तो आपणहून शेजारी ठेवतो. एखाद्या दिवशी वीज गेली आणि मूळ फाइल बिघडली तर हीच प्रत देवासारखी धावून येते, म्हणून तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण दुकानाच्या सगळ्या वर्षांच्या सगळ्या फाइलींची जोडी डिस्कवर ठेवायची, असं मित्राने कधी ठरवलं नव्हतं. ठरवलं होतं कोरल लिहिणाऱ्यांनी.

डिस्क भरते ती बरीचशी अशीच. आपण मुद्दाम जे ठेवलं त्याला आपण दोष देतो, मुलीच्या बारशाचे फोटो, गाणी, दोन-चार सिनेमे, आणि हळहळत त्यातलं काहीतरी काढतो. नकाशा उघडला की दिसतं की मोठा हिस्सा कुणीतरी दुसऱ्यानेच ‘असू दे, लागलं तर’ म्हणून ठेवलेला आहे. लग्नाचं चित्रीकरण जोडणाऱ्यांच्या संगणकावर ‘प्रीमियर’ हा प्रोग्रॅम प्रत्येक क्लिपच्या आवाजाची वेगळी फाइल करून ‘मीडिया कॅश’मध्ये टाकतो. काम संपून, गिऱ्हाइकाला पेनड्राइव्ह देऊन, नवरा-नवरी महाबळेश्वरहून परत आले तरी त्या तिथेच. विंडोजवर आयफोनचा बॅकअप घेतला असेल तर तो वापरणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरात, ‘अ‍ॅपडेटा’ या एरवी न दिसणाऱ्या कप्प्यात अनेकदा खोल जाऊन बसतो. फोन विकून वर्ष लोटलं तरी त्याचा बॅकअप राहतो. हिंजवडीतल्या आयटीवाल्या पोरांच्या लॅपटॉपवर वेगळाच वाण: प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरात ‘नोड मॉड्यूल्स’ची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची, एकेक वसाहत आणि विंडोजच्या आत चालवलेल्या लिनक्सची एक अजस्र फाइल. या फाइलीची गंमत म्हणजे आत माहिती वाढली की ती फुगते, पण आतलं पुसलं म्हणून आपणहून आक्रसत नाही.

सी ड्राइव्हच्या मुळाशीच काही मोठे चौकोन दिसतात, त्यांना लोक सर्वांत जास्त घाबरतात. ‘हायबरफिल’ ही फाइल म्हणजे संगणक हायबरनेट करताना रॅममधला मजकूर उतरवून ठेवायची जागा. विंडोज १० ती साधारण रॅमच्या ४० टक्के राखून ठेवते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीहून जास्त. हायबरनेट कधीच वापरत नसाल तर एका आज्ञेने ते बंद करता येतं आणि फाइल आपोआप जाते. ‘पेजफाइल’ ही रॅम कमी पडली तर लागणारी जागा, तिच्या वाटेला न गेलेलं बरं. ‘विंडोज डॉट ओल्ड’ म्हणजे मोठा अपडेट झाल्यावर जपलेलं जुनं विंडोज, मन बदललं तर परत फिरण्यासाठी. विंडोज १०मध्ये ते दहा दिवसांनी स्वतःच जायला हवं. नाही गेलं तर ‘डिस्क क्लीनअप’मधून घालवावं, हाताने ओढून नव्हे. मॅकवाल्यांचं कोडं निराळं असतं. तिथे ‘सिस्टीम डेटा’ नावाचा एक करडा पट्टा कधीकधी शंभर जीबीच्या वर जातो आणि त्यात काय आहे ते मॅक सांगत नाही. बऱ्याचदा ‘टाइम मशीन’ या मॅकच्या बॅकअपच्या सोयीने त्याच डिस्कवर घेतलेल्या तात्पुरत्या प्रतींचा त्यात मोठा वाटा असतो. जागेची निकड आली की मॅकने त्या सोडाव्यात अशी अपेक्षा असते.

इथे ‘एका क्लिकमध्ये सफाई’ करणाऱ्या प्रोग्रॅमांबद्दल माझं मत सांगून टाकतो. ते वापरू नयेत. जे सुरक्षितपणे काढता येतं ते विंडोजच्या आणि मॅकच्या स्वतःच्या सोयींतून काढता येतं. जे त्यातून निघत नाही ते कशाचं आहे हे त्या प्रोग्रॅमलाही ठाऊक नसतं. शिवाय अशा प्रोग्रॅमला आपण सगळ्या संगणकाच्या किल्ल्या देतो. ‘सीक्लीनर’ हा त्यातला सर्वांत नावाजलेला. सप्टेंबर २०१७ मध्ये उघडकीला आलं की त्याच्या एका आवृत्तीत चोरट्यांनी आपला कोड घुसवला होता आणि ती अधिकृत ठिकाणाहूनच २२ लाखांहून अधिक संगणकांवर पोचली होती.

आता बेरजेच्या भांडणाकडे येतो, कारण नकाशा समोर असूनही आकडे जुळत नाहीत आणि माणूस हैराण होतो. पहिलं भांडण दुकानातच सुरू होतं. एक टीबीची डिस्क घेतली, विंडोज दाखवते ९३१ जीबी. कुणी फसवलेलं नसतं. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजून वर जीबी हेच नाव लावते. अ‍ॅपलने २००९ पासून मॅकवर हजाराची पट धरली, म्हणून तीच डिस्क तिथे पुरी एक टीबी दिसते. दुसरं, फाइलीचा आकार आणि तिने अडवलेली जागा या दोन गोष्टी आहेत. विंडोज सहसा ४ केबीच्या तुकड्यांत जागा देते, त्यामुळे दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा साधारण तेवढी जागा धरू शकते. उलट वनड्राइव्हमधली, क्लाउडवरच असलेली फाइल ५ जीबीची दिसेल आणि डिस्कवर तिने काहीच व्यापलेलं नसेल.

‘विनएसएक्सएस’ फोल्डर हा या भांडणातला सर्वांत बदनाम गडी. तो दहा-वीस जीबीचा दिसतो आणि लोक त्यावर कुऱ्हाड घेऊन धावतात. पण त्यातल्या असंख्य फाइली आणि विंडोजच्या इतर फोल्डरांतल्या फाइली एकच आहेत. डिस्कवर मजकूर एकदाच, नावं दोन ठिकाणी. मोजणारा दोन्हीकडे मोजतो. फोल्डर हाताने पुसलात तर विंडोज उठणार नाही.

लिनक्सवर याच्या बरोबर उलटा खेळ असतो, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला तो आयुष्यात एकदा तरी भेटतो. ‘डीएफ’ सांगतं डिस्क १०० टक्के भरली. ‘डीयू’ने बेरीज केली तर निम्मीच निघते. मधली जागा कुणाकडे? युनिक्सच्या घराण्यात फाइल पुसणं म्हणजे तिचं नाव यादीतून काढणं. एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडून ठेवली असेल तर नाव गेल्यावरही मजकूर तसाच राहतो आणि प्रोग्रॅम त्यात लिहीतसुद्धा राहतो. रात्री दोनला कुणीतरी घाईघाईने मोठी लॉग फाइल उडवलेली असते, आणि सकाळी डिस्क तितकीच भरलेली. ‘एलएसओएफ’ या आज्ञेने उघड्या फाइलींची यादी काढली की अशी बिननावाची फाइल सापडते. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला की जागा एका झटक्यात सुटते. त्यातच लिनक्सची नेहमीची फाइलप्रणाली पाच टक्के जागा मुख्य प्रशासकासाठी बाजूला ठेवते, म्हणजे एक टीबीवर ५० जीबी. ती ‘मोकळी’ असूनही इतरांना मिळत नाही. डिस्क गच्च भरली तरी प्रशासकाला आत येऊन झाडलोट करता यावी हा हेतू. पुसायलाही जागा लागते हे त्या मंडळींना कधीच कळलेलं होतं.

फोनवर हीच कथा आपल्या देशाच्या नावाने गाजली. जानेवारी २०१८ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली की भारतातले फोन इतके का अडकतात याचा शोध गूगलच्या लोकांनी घेतला तेव्हा कारण निघालं सुप्रभातचे संदेश. गुलाबाचं फूल, उगवता सूर्य, खाली एक सुविचार. त्याआधीच्याच डिसेंबरात गूगलने ‘फाइल्स गो’ हे अ‍ॅप आणलं होतं, ते अशी चित्रं ओळखून एकगठ्ठा काढायची सोय द्यायचं. बातमीवर आपण हसलो आणि ती बातमी सुप्रभात म्हणत पुढे पाठवली. प्रत्येक फूल किरकोळच असतं, पण रोज वीस गटांतून येतं. एकच मोठा गुन्हेगार शोधणारा नकाशा अशा वेळी कामाचा नाही, कारण गुन्हेगार हजारो असतात.

फाइलींचा आकार नव्हे, त्यांची संख्याच जिवावर उठल्याचं सर्वांत मोठं उदाहरण मंगळावरचं आहे. नासाची ‘स्पिरिट’ ही बग्गी १० जून २००३ रोजी निघून ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावरच्या गुसेव्ह विवरात उतरली. तिच्याकडे १२८ एमबी रॅम आणि २५६ एमबी फ्लॅश मेमरी होती. २१ जानेवारीला ती बोलेनाशी झाली. त्या दिवशी तिचे संकेत घेणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या केंद्रावर वादळी पाऊस होता, त्यामुळे आधी दोष पावसाला दिला गेला. मग नासाच्या अभियंत्यांना तिच्याकडून तुटक संकेत येऊ लागले, आणि कळलं की ती पुन्हा पुन्हा रीबूट होतेय. तीन दिवसांत साठाहून अधिक वेळा. रात्री झोपायचं ते झोपतही नव्हती, त्यामुळे बॅटरी उतरत चालली होती.

कारण फ्लॅशमध्ये निघालं. मंगळाच्या सात महिन्यांच्या प्रवासात तयार झालेल्या असंख्य फाइली अजून तिथेच होत्या, आणि उतरल्यावर नव्या फाइलींची भर पडत होती. फ्लॅश भरलेली नव्हती. पण सुरू होताना बग्गी फ्लॅशवरची सगळी यादी रॅममध्ये उचलायची, आणि यादीला नेमून दिलेली रॅम त्या लांबीला पुरेना. जागा मिळाली नाही की काम बंद, काम बंद की रीबूट, रीबूट झालं की पुन्हा तीच यादी. आणखी एक दुखणं असं की फाइल पुसली तरी यादीतली तिची ओळ जागा अडवून बसायची, त्यामुळे यादी आखूड होतच नव्हती. जुन्या फाइली काढून टाकणारा एक छोटा प्रोग्रॅम काही दिवस आधीच पाठवला होता. तो दोन भागांत जायचा होता, त्यातला एकच पोचला. दुसऱ्यासाठी पुढच्या प्रयत्नाचा दिवस ठरला होता बग्गीचा मंगळावरचा एकोणिसावा. ती अठराव्या दिवशी अडकली.

अभियंत्यांनी तिला फ्लॅशकडे न बघता नुसत्या रॅमवर सुरू व्हायला लावलं. ती स्थिर झाल्यावर प्रवासातल्या फाइली काढल्या, आणि शेवटी त्यांनी तेच केलं जे आपल्याकडे तो इंजिनिअरिंगचा मुलगा सुचवतो: फॉरमॅट मारला. फरक इतकाच की त्याआधी काय, कुठे आणि का साठलंय याचा छडा त्यांनी कोट्यवधी किलोमीटरवरून लावला होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्पिरिट कामाला लागली. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेली ती बग्गी २०१० च्या मार्चपर्यंत बोलत राहिली. ती थांबली त्यात फाइलींचा काही संबंध नव्हता. २००९ मध्ये तिची चाकं मऊ वाळूत रुतली होती, आणि पुढच्या हिवाळ्यात सौरपट्ट्यांना पुरेसं ऊन मिळालं नाही.